स्कॅनच्या खोलीतलं चिलखत

दचकू नका. बोलतोय तो मीच, या अडगळीच्या खोलीत चाक निखळलेल्या स्ट्रेचरवर पसरलेला निळा अंगरखा. उचलून बघा, हाताला जड लागेन. माझ्या पोटात शिसं आहे. दवाखान्याच्या कागदोपत्री माझं नाव लेड अॅप्रन, पण झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला बघताक्षणी चिलखत म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मलाही ते बरं वाटलं. अॅप्रन म्हटलं की भांडी घासायला उभं राहिल्यासारखं वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाची पूड रबरात कणकेसारखी मळली, लाटली, थरावर थर ठेवले आणि वरून निळं कापड शिवलं. खांद्याला पट्टे, कमरेला बंद. शिवणाऱ्या बाईने मला उचलून पाहिलं आणि "अगं बाई, हे घालून चालायचं तरी कसं?" म्हणत स्वतःचीच कंबर धरली. जाताना माझ्या गळ्यात एक सूचना अडकवली होती: घडी घालू नये. घडी घातली की आतलं शिसं तडकतं, आणि वरचं कापड मात्र जसंच्या तसं राहतं. ही सूचना चांगल्या ठळक अक्षरांत होती. त्यामुळे ती पुढे कुणीही वाचली नाही.

मी दवाखान्यात आलो तेव्हा सीटी स्कॅनचं मशीन नवंकोरं होतं. त्याचे लाड काय विचारता! शेजारच्या वॉर्डात रोगी वर्तमानपत्राने वारा घेत पडलेले, आणि मशीनला उकडू नये म्हणून खोलीत सदा गारवा. भलंमोठं गोल तोंड, त्यात सरकत जाणारं टेबल. माणसाला आत ढकललं की किरणं त्याच्याभोवती फिरतात आणि काकडीच्या चकत्या कराव्यात तशी त्याच्या पोटाची एकेक चकती पडद्यावर दिसते. चीज अफलातून आहे, नाही कोण म्हणतं? पण नव्याचे नऊ दिवस संपले तरी या मशीनची नवलाई काही संपली नाही. सर्दी झालेला माणूससुद्धा त्या दाराकडे आशेने बघायचा.

माझं काम साधं. लहान मूल एकटं आत झोपायला घाबरतं. त्याचा हात धरायला एक मोठं माणूस लागतं, आणि त्या मोठ्या माणसाला किरणं लागू नयेत म्हणून त्याच्या अंगावर मी. मूल मात्र तसंच उघडं. त्याचं तर चित्रच काढायचं असतं, त्याला झाकून कसं चालेल?

बटण दाबायची वेळ आली की जी पळापळ होते ती बघण्यासारखी असते. टेक्निशियन जाड काचेआड. डॉक्टर त्याच्या मागे. नर्स डॉक्टरांच्या मागे. जाता जाता सगळे मुलाला सांगतात, "काही होत नाही हं, अजिबात घाबरायचं नाही." मग शिशाचा दरवाजा लागतो. खोलीतलं सगळ्यात छोटं माणूस तेवढं टेबलावर उघडं राहतं. काही होत नाही तर तुम्ही पळता कशाला, हे मला विचारायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे!

नातेवाइकांची तऱ्हा आणखी निराळी. मी पुढून झाकतो, मागून फक्त बंद. एक मामा मला ऐटीत घालून उभे राहिले आणि भाच्याकडे बघवत नाही म्हणून पाठ फिरवून राहिले. म्हणजे माझं सगळं शिसं भिंतीचं रक्षण करत होतं. एका आजोबांनी मला उलटं घातलं आणि "गळ्याशी घट्ट होतं" अशी तक्रार केली. बाकीच्या वेळी टेक्निशियन माझी चौघडी करून स्टुलावर घालायचा आणि वर बसायचा. खुंटी समोरच होती, पण खुंटीवर बसता येत नाही ना.

आणि एक वाक्य तर मला पाठच झालं होतं: "डॉक्टर, मनाच्या समाधानासाठी एकदा करूनच टाका." पोर पडलं, रडलं, उठून पळायलाही लागलं, तरी करूनच टाका. डॉक्टर सांगायचे, वाढत्या अंगाला ही किरणं जास्त बाधतात, त्याचा त्रास कधीकधी मोठेपणी निघतो, गरज असेल तरच करू. लोक मान डोलवायचे आणि मग म्हणायचे, "ते बरोबर आहे, पण मनाच्या समाधानासाठी." समाधान थोरांच्या मनाचं आणि किरणं पोरांच्या पोटात! असा व्यवहार मी दुसरीकडे पाहिला नाही.

मशीनशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गाडीखाली आलेलं, पोट फळीसारखं कडक झालेलं पोरही मी त्या टेबलावर पाहिलंय. त्या चकत्यांवरून डॉक्टरांना नेमकं कळलं कुठे फाटलंय, आणि ते पोर चालत घरी गेलं. माझा राग मशीनवर नाही, मशीनआड डोळे मिटून बसणाऱ्यांवर आहे. त्यांचीच गोष्ट सांगतो.

एका दुपारी बाहेरच्या बोळातून असा काही आरडाओरडा आला की टेक्निशियन माझ्यावरून उठला आणि दार सताड उघडं टाकून गेला; बोळ आणि समोरची तपासणीची खोली मला दिसायला लागली. अख्खं कुटुंब आलं होतं. पुढे दुकानदार, हार्डवेअरचं मोठं दुकान असलेला. गिऱ्हाइकाशी बोलायचा त्याच पट्टीत तो डॉक्टरांशी बोलत होता. त्याच्या कडेवर त्याचा मुलगा. घरात त्याला राजा म्हणत आणि तसंच वागवत. मागे दुकानदाराची बायको, पोटुशी, धापा टाकत. सगळ्यात मागे त्याची धाकटी भावजय, आणि तिचा हात धरून लंगडत येणारी तिची मुलगी माऊ. माऊचे वडील कामासाठी परगावी होते.

झालं होतं असं. राजाची नवी सायकल उतारावर घसरली. सायकलवर दोघं होती, राजा आणि माऊ. सायकल राजाची म्हणजे चालवणारा राजा, मागे कॅरिअरवर माऊ, असं सगळे धरून चालले. राजा पोट धरून विव्हळत होता. माऊचा गुडघा खरचटला होता. नर्सने तो धुऊन पट्टी लावली, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि तिला बाकावर बसवलं. तिथे माऊचा विषय संपला.

तपासणीच्या खोलीतल्या तरुण डॉक्टरांनी राजाचं पोट नीट तपासलं. माणूस वाईट नव्हता.

"पोट मऊ आहे त्याचं," डॉक्टर म्हणाले. "दाबलं तरी कळ येत नाही, लागल्याची खूण नाही. आपण त्याला ठेवून घेऊ, थोड्या थोड्या वेळाने परत तपासू. जरा जरी काही वाटलं तर लगेच स्कॅन करू."

"म्हणजे नुसतं बघत बसायचं?" दुकानदार कडाडला. "हँडल घुसलंय हो पोराच्या पोटात! मशीन काय शोभेला ठेवलंय?"

"तसं नाही. लहान मुलांना त्याची किरणं..."

"अहो, एकुलता एक आहे. काही झालं तर तुम्ही जबाबदार का? लावू का तुमच्या विश्वस्तांना फोन?" मग आवाज एकदम मऊ करून, "मनाच्या समाधानासाठी करा हो साहेब."

डॉक्टरांनी त्याच्या खिशातल्या फोनकडे पाहिलं आणि सही केली. खरं तर एवढंच विचारायचं होतं, नक्की पडलं कोण आणि कसं? आणि बाकावरच्या पोरीचा फ्रॉकही एकदा वर करून बघायचा होता. पण मशीन ठरलं की विचारणं थांबतं.

आता आत कोण जाणार? राजाच्या आईला पोटातल्या बाळामुळे आत येऊ देत नाहीत. दुकानदार म्हणाला, "मला बंद खोलीत घुसमटतं." हा माणूस दिवसभर खिळ्यांच्या पेट्यांमध्ये कपाटाएवढ्या जागेत बसतो! मग त्याने भावजयीकडे बोट केलं. "तू जा गं आत."

"भाऊजी, पण माऊ..."

"तिला काय धाड भरलीय? गुडघाच तर खरचटलाय. तुझी जाऊ बसेल तिच्याजवळ."

ती आली. टेक्निशियनने मला तिच्या अंगावर चढवलं, बंद आवळले. बारीक चणीची बाई, माझ्या वजनाने वाकली. तिची मान सारखी दाराकडे वळत होती. हिला काहीतरी खटकत होतं. पण घरात तिला मध्ये बोलायची सवय नव्हती, आणि सवय एका दुपारीत थोडीच लागते?

राजाच्या हाताला सुई टोचली, त्याला टेबलावर झोपवलं. तो वळवळायला लागला तेव्हा टेक्निशियनने आपलं नेहमीचं अस्त्र काढलं. पोरं गप्प पडावीत म्हणून तो काहीही थापा मारायचा.

"ए हिरो, हलायचं नाही. या मशीनला पोटातलं सगळं दिसतं. काल काय खाल्लंस, कुणाशी खोटं बोललास, सगळं पडद्यावर येतं!"

राजा जो गार पडला तो हललाच नाही. टेक्निशियन खूश होऊन काचेआड गेला. दरवाजा लागला. टेबल आत सरकलं, मशीन घरघरलं, भोंग्यातून आवाज आला, "श्वास घे... धरून ठेव... सोड." काकू त्याचा पाय धरून उभी. थोड्या वेळात सगळं आटोपलं. पलीकडे पडद्यावर राजाच्या पोटाच्या चकत्या उमटल्या. निरोगी, ठणठणीत, पाठ्यपुस्तकात छापाव्यात अशा.

टेबल बाहेर आलं तेव्हा राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काकू," तो पुटपुटला, "दिसलं का आता त्यांना?"

"काय रे?"

"सायकल मी नव्हतो चालवत ते."

काकू त्याच्या तोंडाजवळ वाकली. "मग कोण चालवत होतं?"

"माऊ. मी मागे होतो. हँडल तिच्या पोटात लागलं. ती म्हणाली, कुणाला सांगू नको, मोठे काका मारतील. पप्पांनी तिला सायकलला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना."

"आणि तुझं पोट?"

"नाही दुखत. सायकल मोडली म्हणून पप्पा ओरडायला लागले. मग त्यांनीच विचारलं, पोटात लागलं का? मी हो म्हटलं, तर ओरडायचे थांबले."

घ्या! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. एवढं अवाढव्य मशीन, पण त्या दुपारी त्याने केलेलं पहिलं निदान ते. तेही टेक्निशियनच्या थापेमुळे.

काकूने मला काढलं नाही. बंद सोडायला वेळ होता कुठे? शिशाचा जड दरवाजा तिने एका हाताने लोटला आणि मला अंगावर घेऊन ती बोळातून धावली. मघाशी माझ्या वजनाने वाकलेली हीच बाई. माझं ओझं तिला जाणवतही नव्हतं. समोरून दुकानदार हसत आला. "रिपोर्ट क्लिअर! मी म्हटलंच होतं..." ती त्याला धडकून पुढे गेली.

माऊ बाकावर अंगाची जुडी करून पडली होती. बिस्किटाचा पुडा न फोडता तसाच. "दमलीय गं, झोप लागलीय तिला," तिची मोठी काकू म्हणाली. झोप कसली! ओठ पांढरे पडलेले, कपाळावर गार घाम. आईने गुडघे टेकले आणि फ्रॉक वर केला.

डाव्या बरगडीखाली वाटोळा वळ होता. हँडलच्या टोकाएवढा, कडेने निळा, मध्ये लाल. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कुणालाही दिसला असता. फक्त कुणी बघितलं नव्हतं.

"डॉक्टर!" बाई ओरडली. त्या घरातल्या कुणी तिचा असा आवाज कधी ऐकला नसावा. मीही मोठमोठे आवाज ऐकलेत, पण त्या हाकेने मी आतून हललो.

तरुण डॉक्टर धावत आले. हात लावताच माऊ कळवळली, आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला. नाडी पळत होती. सलाइन लागलं. शेजारच्या खोलीतलं सोनोग्राफीचं जुनं मशीन कुरकुरत्या चाकांवर ढकलत आणलं. पोटात रक्त दिसलं. मोठ्या सर्जन डॉक्टरीणबाई आल्या. सलाइनने नाडी सावरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता स्कॅन करा. आता लागणारच आहे." बाहेर दुकानदार विचारत होता, "अहो, पण राजाची फिल्म हातात कधी मिळेल?"

त्याच टेबलावर आता माऊ. आई मला घालूनच उभी होती. तिचे डोळे कोरडे होते, पण माझ्याखाली ती आतून थरथरत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की मी पुरा पडत नाही. त्या दिवशी मशीनला मी मनापासून हात जोडले असते. डाव्या बरगडीआडची प्लीहा फाटली होती. नेमकी कुठे, किती, ते दिसलं, म्हणून चाकू न लावता सांभाळता येईल असं ठरवता आलं. रक्त चढवलं, हलू दिलं नाही, डॉक्टरीणबाई येता-जाता स्वतः पोट चाचपून बघत होत्या. आणि पोर हळूहळू सावरली.

माझं म्हणाल तर, त्या धांदलीत कुणीतरी मला तिच्या अंगावरून ओढून काढलं, मुडपून जमिनीवर टाकलं आणि स्ट्रेचरचं चाक माझ्यावरून गेलं. आत काहीतरी तुटलं. पण पोरीचा जीव टांगणीला असताना मी माझं रडगाणं कुठे गाऊ?

दुकानदाराने या सगळ्यातून काय धडा घेतला असेल? दवाखाना सोडायच्या आतच तो भेटेल त्याला सांगत होता, "मी हट्टाने राजाचा स्कॅन करायला लावला, म्हणून तर माऊचं उघडकीला आलं! माझ्यामुळे वाचली पोर." शब्द न् शब्द खरा, आणि तरीही ऐकून माझ्या शिशाचं पाणी झालं. राजाच्या अंगात विनाकारण किरणं गेली, त्याचा हिशेब त्याच्या भाषणात कुठेच नव्हता.

पुढे माऊ बरी होऊन तपासणीला आली. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, चारचौघींसारखी खेळू दे म्हणाल्या, परत स्कॅन नको असंही म्हणाल्या. पण दुकानदार असा ऐकतो होय! त्याने बोळात तरुण डॉक्टरांना गाठलं, विश्वस्तांची आठवण करून दिली आणि चिठ्ठी मिळवली. मायलेकी स्कॅनच्या खोलीत आल्या. टेक्निशियनने मला परत त्याच बाईच्या खांद्यावर टाकलं. माऊ टेबलाकडे बघून आईला चिकटली.

"थांबा," आई म्हणाली. "भाऊजी, हे आता कशाला?"

दुकानदार दारात होता. आत यायचं त्याने आजही टाळलं होतं. "अगं, मनाच्या समाधानासाठी."

"कुणाच्या?"

तो गडबडला. "कुणाच्या म्हणजे? सगळ्यांच्याच."

"मग सगळ्यांनी एकेक करून झोपा आत. माझी मुलगी नाही जाणार. त्या दिवशी गरज होती, तेव्हा मीच धरून ठेवलं होतं तिला. आज गरज नाही."

"आणि आत काही राहिलं असलं तर?"

"तर दुखेल. आणि दुखलं तर ती मला सांगेल. तुम्ही फक्त एवढं करा, सायकलला हात लावू नको असं तिला परत म्हणू नका. त्या भीतीने गप्प बसली होती ती. ते कुठल्या मशीनमध्ये दिसलं नसतं."

दुकानदार दारातून बाजूला सरकला. हा चमत्कार मी याची देही पाहिला. बाईने माझे बंद सोडले, मला दोन्ही हातांनी उचललं, खांदे सरळ केले आणि खुंटीवर नीट टांगलं. मग मुलीचा हात धरून ती निघून गेली. मला कुणाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

थोड्याच दिवसांत आम्हा चिलखतांची दरवर्षीची तपासणी झाली. टेक्निशियनने मला टेबलावर पसरलं. गळ्यापासून खालपर्यंत तळवा फिरवला, बोटांनी चाचपलं, उजेडात धरून कापड पाहिलं. पोटाशी बोट अडलं. "इथे दुमडलाय वाटतं," म्हणाला. मग खात्रीसाठी किरणांखाली धरलं, तडा लांबलचक निघाला, आणि माझी रवानगी इथे झाली. माझी तक्रार नाही. माझं काम झालंय. कुणी रबराचं पायपुसणं केलं तरी चालेल.

फक्त जायच्या आधी एवढं सांगतो. उद्या तुमचं पोर पडलं तर दवाखान्यात जरूर न्या, आणि डॉक्टर स्कॅन हवा म्हणाले तर क्षणाचाही वेळ घालवू नका. पण त्याआधी पोराला जवळ घ्या, न ओरडता विचारा, सदरा वर करून बघा, डॉक्टरांना हात लावून बघू द्या. माझ्यासारख्या शिशाच्या तुकड्यावरूनसुद्धा आधी माणसाचा हात फिरला, मग किरणं आली. तुमच्या पोरांच्या नशिबी एवढं तरी असू द्या.